उभी बाग: आधी मे महिन्याचं पाणी मोजा, रोपं सगळ्यात शेवटी आणा

मराठवाड्यातल्या शहरांत बाल्कनीतली उभी बाग, म्हणजे भिंतीवर ओळींनी टांगलेल्या कुंड्या, बहुतेक वेळा फेब्रुवारीत चढते आणि एप्रिल संपायच्या आत उतरते. दोष उन्हावर जातो. पण ऊन दरवर्षीचंच आहे, त्याची कल्पना सगळ्यांना असते. चुकतो तो क्रम. आधी नर्सरीतून रोपं येतात, मग त्यांच्यासाठी कुंड्या, कुंड्यांसाठी जाळी, जाळीसाठी भिंत; आणि पाण्याचा विचार पहिली पानं करपल्यावर सुरू होतो. हाच क्रम उलटा करायचा आहे: पाणी, भिंत, चौकट, निचरा, माती आणि मग रोपं.

हिशेब सोपा जावा म्हणून पुढे सगळीकडे एकच माप धरलंय. ४ फूट रुंद आणि ६ फूट उंच चौकट, त्यात ६ ओळी, प्रत्येक ओळीत ६ इंची ६ कुंड्या, म्हणजे एकूण ३६. तुमची जागा लहान असेल तर त्याच प्रमाणात आकडे कमी करा.

लावणीचा उत्तम काळ पोळा ते दिवाळी. दुसरा, मृगाचे दोन चांगले पाऊस पडून हवा थंडावल्यावर. फेब्रुवारी ते मे या काळात चौकट बांधा, ठिबक जोडा, काय हवं ते करा. फक्त नवीन रोप लावू नका. त्याची मुळं बसेपर्यंत ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं.

## टप्पा १: पाणी मोजा

भिंतीवर किती कुंड्या मावतात हा दुसरा प्रश्न. मे महिन्यात किती कुंड्यांना पाणी पुरेल, हा पहिला.

६ इंची कुंडीत साधारण पावणेदोन लिटर माती बसते. एवढ्या कुंडीला हिवाळ्यात रोज १०० ते १५० मिली पाणी पुरतं. मेमध्ये, वर शेडनेट (सावलीची जाळी) असतानाही, ३०० ते ४०० मिली धरावं लागतं. ३६ कुंड्या गुणिले ३५० मिली म्हणजे रोजचं साडेबारा लिटर. नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असेल तर एका पाळीला ६३ लिटर झाले. आणि पाळी चुकतेच. जलवाहिनी फुटली, वीज गेली, काहीतरी होतंच. म्हणून दोन दिवसांचं जादा धरा: सुमारे ९० लिटर. याचा अर्थ या बागेला स्वतःचा किमान १०० लिटरचा झाकणाचा ड्रम लागतो, घरच्या वापराच्या टाकीपासून वेगळा.

मोठा निळा ड्रम २०० लिटरचा असतो आणि भरल्यावर तो २०० किलोच्या वर जातो. तो बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला ठेवू नका. घराच्या भिंतीला किंवा खांबाला लागून ठेवा. झाकण घट्ट हवं. डास होतात, आणि दर आठवड्याचा कोरडा दिवस या ड्रमलाही लागू आहे.

आता कोणतं पाणी, ते.

नळाचं पाणी सगळ्यात बरं. बोअरचं पाणी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त असतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र स्वस्तात मिळतं. ५०० च्या आत आकडा असेल तर बिनधास्त वापरा, ५०० ते १००० मध्ये काटक झाडं तग धरतात, हजाराच्या पुढे लहान कुंडीत क्षार साठून मुळं जळतात. शेतात हेच पाणी चालतं, कारण पावसाळ्यात क्षार खाली धुऊन जातात. पावणेदोन लिटरच्या कुंडीत त्यांना जायला जागाच नाही.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बागेला घालायची पद्धत घरोघरी पडली आहे. मूळ पाण्यातले क्षार एकवटून त्याच पाण्यात येतात, तेव्हा ते लादी पुसायला किंवा संडासात वापरा. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं, ते जमवा. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी त्याच दिवशी घाला, शिळं ठेवू नका. वॉशिंग मशीनचं पाणी अजिबात नको.

तपासणी: आजपासून आठवडाभर रोज साडेबारा लिटर पाणी बादलीत बाजूला काढा आणि संध्याकाळी ते परत वापरात आणा. घरात कुरकुर झाली तर ३६ च्या २४ कुंड्या करा, २४ च्या १२ करा. पाणी वाढेल या आशेवर कुंड्या वाढवू नका.

## टप्पा २: भिंत आणि तिच्यावरचं ऊन

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा. एवढ्याने किती ऊन येतं ते कळतं. पण फक्त त्या महिन्याचं, आणि इथेच गडबड होते.

डिसेंबरात उत्तरेच्या भिंतीवर ऊन नसतं म्हणून लोक तिथे सावलीची नाजूक झाडं लावतात. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य लातूर-धाराशिवच्या डोक्यावर येतो, तिसऱ्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या. आणि तिथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारीसुद्धा तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे जी उत्तरेची भिंत हिवाळ्यात थंडगार असते, तिच्यावर ऐन मे-जूनमध्ये ऊन येतं, सकाळ-संध्याकाळचं तर चांगलंच तिरपं. उलट दक्षिणेची भिंत त्या दिवसांत बरीच सुटते आणि हिवाळ्यात दिवसभर तापते.

पूर्वेची भिंत सगळ्यात सोपी, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेची सगळ्यात अवघड. दुपारी दोन ते सहा ती ऊन पिते आणि रात्री नऊपर्यंत उष्णता बाहेर टाकत राहते, त्यामुळे कुंड्यांना पुढूनही झळ आणि मागूनही. तुमच्याकडे पश्चिमेचीच भिंत असेल तर बाग करा, पण कुंड्या २४ वर आणा आणि शेडनेटचे हुक आत्ताच ठोकून ठेवा.

भिंत कशाची आहे तेही बघा. काँक्रीटच्या खांबा-तुळईत किंवा भाजक्या विटेत बोल्ट धरतो. पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग सैल होतो; तिच्यासाठी वेगळे लांब प्लग मिळतात, नाहीतर चौकट जमिनीवरच उभी करा. जुन्या पेठांतली मातीची, माळवदाची घरं असतील तर भिंतीत चौकटीचे बोल्ट ठोकूच नका. तिथे, आणि भाड्याच्या घरातही, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी, खाली रुंद असलेली चौकट हवी. भिंतीला ती फक्त वरून दोन ठिकाणी बांधायची, कलू नये म्हणून.

सावधान: रेलिंगच्या बाहेरच्या अंगाला कुंड्या टांगू नका. मेमधल्या वळवाच्या वादळात कुंडी उडाली तर ती कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नाही.

## टप्पा ३: वजन धरा, मग चौकट बनवा

हलक्या मिश्रणाची (ते टप्पा ६ मध्ये दिलंय) ६ इंची कुंडी, पाणी प्यायल्यावर, रोपासकट साधारण दोन किलो भरते. ३६ कुंड्यांचे ७२ किलो, वर लोखंडाचे १५-२० किलो. हीच कुंडी काळ्या मातीने भरली तर ओली साडेतीन किलोच्या घरात जाते आणि नुसत्या कुंड्यांचं वजन सव्वाशे किलोवर पोहोचतं. चौकटीचं माप माती ठरवते, म्हणून मातीचा निर्णय वेल्डरकडे जायच्या आधी करा.

चौकटीला एक इंची चौकोनी पाइप पुरे. मध्ये २ इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी. वेल्डरकडे जाताना एक कुंडी सोबत न्या, कारण हुक जाळीच्या तारेवर बसतोय का हे तिथेच बघायला हवं. जाळी घरी आल्यावर हुक मोठा निघाला की लोक तारेने कुंड्या बांधतात आणि मग एकही कुंडी काढून धुता येत नाही. आधी रेड ऑक्साइडचा हात, वर ऑइलपेंटचे दोन. वेल्डिंगच्या जागी जास्त, गंज तिथूनच चढतो.

लाकडी पॅलेट वाळूज-चिकलठाण्यासारख्या एमआयडीसीच्या भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, खायची भाजी लावायची असेल तर ते घेऊ नका. शिक्का नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. शिवाय वाळवी आहेच. माझं मत विचाराल तर मराठवाड्याच्या उन्हात लाकडापेक्षा लोखंड बरं.

चौकट लावण्याआधी मागच्या भिंतीला वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचणार नाही. भिंत आणि चौकट यांच्यात दोन-तीन इंचांचं अंतर ठेवा, पाइपचे तुकडे कापून मध्ये घाला. हवा खेळली की भिंत ओल धरत नाही आणि पश्चिमेच्या भिंतीची झळही थेट कुंडीला लागत नाही.

बोल्ट किमान सहा: वर दोन, मध्ये दोन, खाली दोन. नुसत्या गिलाव्यात अडकलेला बोल्ट धरल्यासारखा वाटतो आणि पहिल्या वाऱ्यात गिलाव्यासकट निघतो. विटेच्या आत निदान दोन इंच गेला पाहिजे, आणि दोन विटांच्या सांध्यात नको.

तपासणी: पाण्याचे २० लिटरचे पाच जार भरून दोरीने चौकटीला रात्रभर टांगा, दोन वर, तीन मध्ये. शंभर किलो झाले. सकाळी बोल्टभोवती केसाएवढी जरी भेग दिसली तरी जागा बदला.

## टप्पा ४: निचरा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांच्या वाळवणावर मातीचं पाणी पडतं. तिथून पुढे सोसायटीची बैठक.

४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून अर्धा करा. हे पन्हाळं चौकटीच्या तळाशी लावा, ४ फुटांत एक इंच उतार द्या, एका टोकाला झाकण आणि दुसऱ्या टोकाखाली बादली. बादलीत आलेलं पाणी पुन्हा ड्रममध्ये ओतू नका. प्रत्येक फेरीला त्यातले क्षार वाढत जातात. अंगणातल्या किंवा रस्त्याकडेच्या कडुनिंबाला घाला.

## टप्पा ५: ठिबक जोडा, रोपांआधी चालवून बघा

३६ कुंड्यांना मगाने किंवा झारीने पाणी घालता येतं, वेळ लागतो इतकंच. हाताने घालणार असाल तर वरच्या ओळीपासून खाली या आणि हा टप्पा सोडा. रोज सकाळी घाईत निघणाऱ्यांनी मात्र ठिबक करावं. सामान शोधायला ऑनलाइन जायची गरज नाही. मोंढ्यातल्या ठिबकच्या कुठल्याही दुकानात १६ मिमीची नळी, ४ मिमीची बारीक नळी, पंच, जोड, कॉक, एंड कॅप सगळं मीटरवर आणि नगावर मिळतं.

एक उभी १६ मिमीची मुख्य नळी. तिच्यातून प्रत्येक ओळीला एक आडवी नळी, तिच्या तोंडाशी छोटा कॉक. आडव्या नळीतून प्रत्येक कुंडीत ४ मिमीची बारीक नळी. ड्रममधून निघताना जाळीचा फिल्टर, तो विसरलात तर महिन्याभरात नळ्या तुंबतील.

इथे दोन चुका ठरलेल्या.

एक, शेतातले ड्रिपर आणून बसवणं. ते साधारण एक किलो दाबावर चालतात, म्हणजे पाण्याची टाकी दहा मीटर उंच असल्यासारखा दाब. घरच्या छोट्या पंपाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. मग काही ड्रिपर थेंब टाकतात, काही कोरडे राहतात. घरी बारीक नळी उघडीच ठेवा आणि ओळीच्या कॉकने पाणी कमी-जास्त करा.

दुसरी, कूलरचा पंप. घरात जुना पडलेला असतो म्हणून तो जोडतात. तो पाणी जेमतेम पाच-सहा फूट चढवतो. तुमची वरची ओळ त्याच उंचीवर किंवा त्याहून वर आहे, तेव्हा खालच्या कुंड्या भरतील आणि वरच्या वाळतील. डब्यावर तीन मीटर उचल लिहिलेला कारंज्याचा छोटा पंप घ्या. जोडणी आणि प्लग ओल्या हाताच्या टप्प्याबाहेर, अर्थिंगसह.

तपासणी: वरच्या, मधल्या आणि खालच्या ओळीतल्या प्रत्येकी दोन नळ्यांखाली एकसारखे स्टीलचे पेले लावा. पंप पाच मिनिटं चालवा. खालचे पेले जास्त भरणारच. खालच्या ओळींचे कॉक थोडे थोडे आवळत सगळे सारखे करा. हे रिकाम्या चौकटीवर दोन दिवस करा. रोपं लागल्यावर ही खटपट कोणी करत नाही.

## टप्पा ६: कुंड्या आणि माती

कुंड्यांबद्दल थोडक्यात. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या घ्या, काळ्या तापतात. कापडी खिशांच्या तयार बागा दिसायला सुरेख असतात, पण आपल्या कोरड्या हवेत कापडातून पाणी चारही बाजूंनी उडतं. मेमध्ये दिवसातून तीनदा पाणी मागतात. घेऊ नका. पाण्याच्या पातळ बाटल्या उन्हाने एका उन्हाळ्यात कुरकुरीत होतात. खाद्यतेलाचे पाच लिटरचे जाड प्लास्टिकचे डबे टिकतात, आतून साबणाने नीट धुवा आणि बाहेरून पांढरा रंग द्या. कुंडीच्या बुडाला पेन्सिलीएवढी चार भोकं हवीत.

आता माती. उभी बाग सगळ्यात जास्त इथेच मरते.

गावाकडून शेतातली काळी माती गोणीभर आणायची, हा आपल्याकडचा पहिला विचार. तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर जोमाने येते, हे खरं. पण ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. शेतात तिला जशा भेगा पडतात तशीच ती कुंडीत कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी कुंडीची भिंत आणि मातीचा गोळा यांच्या फटीतून सरळ खाली पन्हाळ्यात जातं. आपल्याला वाटतं पाणी पोचलं, बादलीत दिसतंय की! आत गोळा दगडासारखा कोरडा असतो. पावसाळ्यात उलट होतं, ती चिकट होऊन बसते आणि मुळं कुजतात. वजनाचं वर सांगितलंच.

मिश्रण असं धरा, सगळं मापाने, वजनाने नाही:

- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), धुतलेलं: ४ घमेली
- गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत: २ घमेली
- चाळलेली लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा: १ घमेलं
- विटांचा वाटाण्याएवढा चुरा, धूळ चाळून काढलेला: १ घमेलं
- निंबोळी पेंड: प्रत्येक कुंडीला एक मूठभर नाही, एक मोठा चमचा

३६ कुंड्यांना दबणं धरून ७० ते ७५ लिटर मिश्रण लागतं. कोकोपीटची ५ किलोची वीट फुगून ६० लिटरच्या वर जाते, तेव्हा एक वीट पुरून उरते. गांडूळ खत १८-१९ लिटर लागेल.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. नारळाच्या काथ्यात मुळातच मीठ असतं. वीट टबमध्ये भिजवा, फुगली की जुन्या धोतरात किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून पाणी निथळू द्या, असं दोन-तीनदा करा. शेवटच्या पाण्याचा टीडीएस घालायच्या पाण्यापेक्षा फारसा जास्त नसला की झालं. धुवायचं पाणी पावसाचं असेल तर सोन्याहून पिवळं. म्हणूनच पोळ्याच्या आधी, पावसाळ्यात, हे काम उरकून ठेवा.

शेणखत कच्चं असेल तर हाताला कोमट लागतं आणि वास येतो. ते कुंडीत जाऊन तापतं, मुळं भाजतात, वर हुमणीची अंडी फुकट येतात.

तपासणी: ओलं मिश्रण मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे, बोटांतून एखादा थेंब यावा, आणि अंगठ्याने टोचल्यावर लाडू फुटला पाहिजे. फुटत नसेल तर विटांचा चुरा वाढवा. वळतच नसेल तर माती थोडी वाढवा.

कुंडी काठोकाठ भरू नका. वर एक इंच मोकळी सोडा, नाहीतर पाणी मातीवर टिकायच्या आत बाहेर ओघळतं.

## टप्पा ७: कोणतं रोप कोणत्या ओळीत

उभ्या बागेत हवामान एक नसतं. वरच्या ओळीला ऊन आणि वारा जास्त, म्हणून ती आधी सुकते. खालच्या ओळीला वरून टपकणारं पाणी आणि सावली मिळते. सगळीकडे एकच झाड लावून हिरवा गालिचा करायचा मोह टाळा.

वरच्या दोन ओळी: चिनी गुलाब, घोळ, चिवळ, कोरफडीची पिल्लं. घोळ आणि चिवळ यांच्याकडे कोणी बागेतलं झाड म्हणून बघत नाही, पण उन्हाळ्यात वरच्या ओळीत इतकी खूश राहणारी दुसरी पालेभाजी नाही. मंडईतल्या जुडीतल्या ताज्या काड्या खोचल्या तरी रुजतात.

मधल्या दोन: पानओवा, रिओ, जांभळा सेटक्रेशिया, शतावरीची शोभेची जात. हिवाळ्यात या ओळींमध्ये मेथी आणि कोथिंबीर छान येते. मार्च लागला की कोथिंबीर फुलावर जाते, तिला पाणी-खत घालत बसू नका, उपटून टाका आणि मृगानंतर तिथे पानओव्याच्या काड्या लावा.

खालच्या दोन: पुदिना, मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. पुदिन्याला स्वतंत्र कुंडी, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी व्हायला लागली तर बहुतेक वेळा पाण्यात क्षार वाढलेत असं समजा. मी तो प्रत्येक बागेत एक तरी लावायला सांगतो, तो याच कामासाठी.

नेचे (फर्न) आणू नका. पुण्या-कोकणाच्या फोटोंत ते भिंतभर दिसतात. आपल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत त्यांना पाणी कितीही घातलं तरी पानांच्या कडा जळतात.

## टप्पा ८: रोपं आणा, थांबा, मग लावा

आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून देशभर रोपं जातात, आपल्या नर्सऱ्यांतही येतात. दमट हवेत आणि शेडनेटखाली वाढलेलं हे रोप आणल्या संध्याकाळी भिंतीवर टांगलं की तीन दिवसांत मान टाकतं. दहा-बारा दिवस ते पिशवीसकट सावलीत ठेवा, नंतर रोज तास-दोन तास सकाळच्या उन्हात.

लावताना मुळांभोवतीचा गोळा बघा. बऱ्याचदा तो घट्ट, चिकट लाल मातीचा असतो. तसाच हलक्या मिश्रणात पुरला तर पाणी सैल मिश्रणातून जातं आणि गोळा कोरडा राहतो. बाहेरून ओली दिसणारी कुंडी आणि आत तहानलेलं झाड. म्हणून पिशवी अर्धा तास पाण्यात बुडवा, प्लास्टिक काढा, बाहेरची एक-तृतीयांश माती बोटांनी हळू मोकळी करा, मग लावा. संध्याकाळीच.

कुंड्या लगेच चढवू नका. भरलेल्या कुंड्या आठवडाभर खाली सावलीत ठेवा. नवं पान फुटलं की चढवा. भिंतीला ठोकलेली चौकट असेल तर वरची ओळ आधी, म्हणजे सांडलेली माती खालच्या रोपांवर पडत नाही. जमिनीवर उभी चौकट असेल तर खालची ओळ आधी, नाहीतर डोकं जड होऊन ती कलते.

तपासणी: चढवल्यावर दोन दिवसांनी प्रत्येक ओळीतली एक कुंडी उतरवा आणि बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. वरून ओली आणि आत कोरडी असेल तर ती कुंडी बादलीत दहा मिनिटं बुडवा. कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं पडलं की वरून घातलेलं पाणी लवकर शोषत नाही.

## टप्पा ९: पहिले तीन महिने

पहिला महिना खत नाही. मिश्रणात आहे तेवढं पुरतं. दुसऱ्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी गांडूळपाणी (व्हर्मीवॉश) दहापट पाण्यात, किंवा कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. एकच ग्रॅम, शेतातलं प्रमाण इथे आणू नका. जीवामृत चांगलंच, पण फ्लॅटमध्ये त्याचा वास शेजाऱ्यांना सोसत नाही.

हिवाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण. उभ्या बागेत पानं पानांना लागलेली असतात, कीड एका रात्रीत ओळ ओलांडते. एका कुंडीवर दिसली की आधी ती कुंडी उतरवून लांब ठेवा, मग फवारा: कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, दोन-चार थेंब साबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. उन्हात फवारलं तर तेलाने पानं भाजतात.

महिन्यातून एकदा मीठ धुवायचं. कुंडी न्हाणीत न्या, तिच्यात मावते त्याच्या दुप्पट चांगलं पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला तर महिन्याची वाट बघू नका.

## टप्पा १०: मार्च ते मृग

होळी झाली की ५० टक्क्यांचं शेडनेट चढवा. ते झाडांना टेकवू नका, निदान फूटभर पुढे ताणा. टेकलेलं नेट तापून पानांना चटके देतं. ७५ टक्क्यांचं नेट फक्त पश्चिमेच्या भिंतीला. फेब्रुवारी-मार्चात गारपिटीचा अंदाज आला तर तेच नेट आधीच बांधा. चारही कोपरे घट्ट हवेत, सैल नेट वाऱ्यात शिडासारखं फुगून चौकटच ओढतं.

पाणी दोन पाळ्यांत द्या, पहाटे आणि दिवस मावळल्यावर. दुपारी पंप सुरू केला तर उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी कुंडीत जातं आणि ते हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. टायमर लावला असेल तर वीज गेल्यावर त्याची वेळ सरकते; आठवड्यातून एकदा घड्याळाशी ताडून बघा.

खत एप्रिल-मेमध्ये बंद. छाटणीही बंद, वाळलेली पानं तेवढी काढा. मातीवर सुकी पानं किंवा तुरीच्या भुसकटाचा बोटभर थर घाला. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून घाबरून पाणी ओतू नका, आधी बोट घालून बघा. माती ओली असेल तर ते रोप उन्हाने लवलंय, संध्याकाळी उभं राहील. संध्याकाळीही तसंच असेल तर कुंडी उतरवून सावलीत ठेवा आणि रिकाम्या जागी काही लावू नका.

सुट्टीत गावाला जायचं असेल तर वरच्या दोन ओळी उतरवून खाली सावलीत एकमेकांना खेटून ठेवा आणि शेजाऱ्याला रोजचं एकच काम सांगा: ड्रममध्ये पाणी आहे का ते बघणं.

मृगाचा पहिला पाऊस धुळीचा असतो, तो जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या पावसात सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवून साठलेलं मीठ धुऊन घ्या. शेडनेट एकदम काढू नका. सलग दोन-तीन ढगाळ दिवस बघा, आधी एक बाजू सोडा, आठवड्याने दुसरी. मेलेल्या कुंड्यांतली माती फेकू नका. मुळं काढून टाका, माती पावसाने धुऊन घ्या, तिच्यात चौथा हिस्सा नवं गांडूळ खत मिसळा आणि पोळ्यापर्यंत गोणीत झाकून ठेवा.